‘आधी शब्दकोश उघडा’ म्हणणाऱ्यांस

रानवेडे महोदय,

‘सटायव्हस म्हणजे पेरलेला, लागवडीचा नव्हे. लिहिण्याआधी शब्दकोश उघडत चला.’ वनस्पतींच्या लॅटिन नावांत येणाऱ्या ‘सटायव्हस’ या विशेषणाचा अर्थ मी लेखात ‘लागवडीचा’ असा दिला, त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेची ही सुरुवात. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट कान पिरगाळलात.

शब्दकोश माझ्याकडे आहे. उघडून उघडून त्याची शिवण उसवली आहे. 26 वर्षे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवले, हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, शीटांवर लेबले लिहिली. एकदा एका वरिष्ठांनी सगळ्यांदेखत माझे ‘कोरिअँड्रम सटायव्हम’ खोडून ‘सटायव्हा’ केले. का, तर कोथिंबीर स्त्रीलिंगी! लॅटिनमध्ये कोरिअँड्रम नपुंसकलिंगी आहे, म्हणून सटायव्हम. त्यांची बदली झाल्यावर लेबल मीच पुन्हा लिहिले. तेव्हा हा सूर मला नवा नाही.

आता तुमचा ‘पेरलेला’. मूळ क्रियापद सेरेरे, म्हणजे पेरणे. त्यापासून सतुस, त्याला प्रत्यय लागून सतीवुस, म्हणजेच आपला सटायव्हस. हे लेखात पहिल्याच परिच्छेदात होते. तुम्ही वाचलेत की नाही, देव जाणे. पण रोमन लोक झाडे लावण्यालाही हेच क्रियापद वापरत. रोमन वक्ता सिसेरो याने म्हातारपणावर लिहिताना पुढच्या पिढीसाठी झाडे लावणाऱ्याची जी ओळ घेतली आहे, तिच्यातही तेच आहे.

आणि केशराचे काय करता? क्रोकस सटायव्हस. गुणसूत्रांचे तीन संच, म्हणून वांझ. बी धरतच नाही. काश्मिरात पांपोरला कंद लावतात. लसूण, अॅलियम सटायव्हम, आपण पाकळ्या टोचून लावतो. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये दोघांनाही हेच विशेषण दिले. ‘पेरलेले केशर’ म्हणायचे तर खुशाल म्हणा, पांपोरच्या शेतकऱ्यासमोर मात्र नको.

लेखात काकडीपुढे ‘क्युक्युमिस सटायव्हा’ पडले होते; क्युक्युमिस पुल्लिंगी, म्हणून ते सटायव्हस हवे. चूक माझी, दुरुस्त केली आहे. बघा, मान्य करायला मला जड जात नाही.

विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते हे सांगताना मी पांढरा मुळा, पांढरी काकडी, पांढरे वांगे असे लिहिले. ते तुम्हाला ‘शाळकरी’ वाटले. ज्यांना ती तीन लिंगे पाळण्यातच मिळाली, त्यांना दुसरे काय उदाहरण द्यायचे?

बाकीचे फुटकळ. उच्चार सतीवुस? रोममध्ये असेल, आमच्या प्रयोगशाळेत सटायव्हसच. ‘अस म्हणजे पुल्लिंग, तर मग फायकस रिलिजिओसा कसे?’ लॅटिनमध्ये बरीच झाडे ‘अस’ने संपूनही स्त्रीलिंगी असतात, हे मला तुमच्या आधीपासून ठाऊक आहे. फायकस रिलिजिओसा म्हणजे पिंपळ, आणि लेख पिंपळावर नव्हता.

पुढचा लेख इंडिकस, म्हणजे ‘भारतातला’, या विशेषणावर आहे. शास्त्रीय नाव टॅमरिंडस असूनही चिंच इंडिका का, ते त्यात येईलच. त्यावरही लिहालच, सुरुवातीला नमस्कार तेवढा घाला.