सुई लागली की कॅन्सर पसरतो म्हणे

मावशीने मंगळवारची बायोप्सी (सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं) रद्द केली आणि आम्हाला कळलं शुक्रवारी. छातीत गाठ, मॅमोग्राफीत संशय आलेला, तारीख मिळालेली, आणि ही कोपरीला घरी बसून ताकातून चुना घेतेय, कारण भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला. काल तोच मेसेज आमच्या घोडबंदरच्या सोसायटी ग्रुपवर पण पडला, म्हणून लिहायला बसले.

मेसेज थोडक्यात असा: पेशी प्रोटीनच्या गोंदाने चिकटलेल्या असतात, बायोप्सीच्या सुईने गोंद तुटतो आणि कॅन्सर अंगभर पसरतो, रोज गव्हाएवढा चुना खा म्हणजे गोंद घट्ट होईल, साखर सोडा म्हणजे गाठ उपाशी मरेल.

गोंद असतो, हे खरंय. मी अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते, त्यामुळे जास्तच चीड आली, कारण खऱ्या गोष्टीला खोटं शेपूट लावलंय. ई-कॅडहेरिन नावाचं प्रोटीन एका पेशीच्या पडद्यातून बाहेर येऊन शेजारच्या पेशीवरच्या तशाच प्रोटीनला धरतं आणि आतल्या बाजूने ते बीटा-कॅटेनिन नावाच्या दुसऱ्या प्रोटीनला बांधलेलं असतं. ही पकड सुटली की पेशी हलायला मोकळी होते. पण सोडतं कोण? गाठीतून आणि आजूबाजूच्या पेशींकडून टीजीएफ-बीटासारखे सिग्नल येत राहतात, त्याने स्नेल, ट्विस्ट ही प्रोटीनं कामाला लागतात आणि ती ई-कॅडहेरिनचं जनुकच गप्प करतात. याला सुई लागत नाही. गाठ कॅन्सरची असेल तर मावशी घरी बसली होती तेव्हाही हे आत चालूच असणार! आणि सुटलेली पेशी म्हणजे लगेच नवी गाठ नाही, तिला रक्तात शिरायचं, तिथे जगायचं, बाहेर पडून परक्या जागी रुजायचं, त्यात बहुतेक मरतात.

सुईच्या वाटेवर पेशी सांडल्याचं काही अवयवांत दिसलंय, लिव्हरमध्ये वगैरे, म्हणून तिथे डॉक्टर विचार करूनच सुई घालतात. ऑपरेशनच्या वेळीही काही पेशी सुटत असतील ही शंका डॉक्टरांनाच होती, आणि ती तपासली आपल्या परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलने. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या टीमने सुरुवातीच्या टप्प्यातला स्तनाचा कॅन्सर असलेल्या 1600 बायका घेतल्या, अर्ध्या जणींना ऑपरेशनच्या 7 ते 10 मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेनचं इंजेक्शन दिलं, तेच जे दात काढताना देतात. ते पेशीच्या पडद्यातले सोडियमचे दरवाजे बंद करतं, आणि हलण्याचे सिग्नल त्यावर चालतात असा अंदाज होता. पाच वर्षांनी इंजेक्शनवाल्या गटात 90.1 टक्के जिवंत, दुसऱ्या गटात 86.4. हा निकाल 2023 मध्ये जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीत आला. आता नीट वाचा, ऑपरेशन दोन्ही गटांचं झालं! भीती होती म्हणून त्यांनी उपाय शोधला, बायकांना घरी नाही पाठवलं.

आणि बायोप्सीशिवाय ईआर, पीआर (गाठीच्या पेशींतली हार्मोन पकडणारी प्रोटीनं) आणि हर-टू (पेशींची वाढ जोरात करणारं प्रोटीन) आहेत की नाही, हे कसं कळणार? त्यावर ठरतं हार्मोन अडवणाऱ्या टॅमॉक्सिफेनचा उपयोग होईल की हर-टूवरच्या ट्रॅस्टुझुमॅबचा. ते न कळता उपचार म्हणजे अंधारात चाचपडणं.

आता चुना. कॅडहेरिनला कॅल्शियम लागतं, आणि चुन्यात तेच असतं, हे नाइलाजाने मान्य, नावातलं 'कॅ' म्हणजे कॅल्शियमच. पण रक्तातलं कॅल्शियम शरीर स्वतःच एका ठरावीक पट्ट्यात धरून ठेवतं, चमचाभर चुन्याने पेशींची पकड वाढत नाही. लोब्युलर (दूध तयार करणाऱ्या ग्रंथींतल्या) प्रकारच्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर बहुतेक वेळा ई-कॅडहेरिनच नसतं, मग चुना घट्ट कशाला करणार? उलट कॅन्सर हाडांत गेला की रक्तातलं कॅल्शियम वाढून काही माणसं ॲडमिट होतात, आणि त्यात वरून चुना! शिवाय गोंद घट्ट म्हणजे धोका नाही हेही चूक. संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर एखादं कुटुंब एकमेकांचे हात धरून गर्दीतून पुढे सरकतं ना, तशा कॅन्सरच्या पेशी चिकटलेल्या झुंडीनेही सरकतात. 2019 मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात उंदरांवरचं काम आलं, त्यात स्तनाच्या कॅन्सरच्या काही प्रकारांत दूर जाऊन रुजायला ई-कॅडहेरिनच लागत होतं.

साखरेचं म्हणाल तर कमी खा, चांगलंच आहे, पण त्याने गाठ उपाशी मरत नाही, रक्तात ग्लुकोज राहतंच.

शनिवारी मावशीकडे गेले, तिच्याच हातावर बोटं एकमेकांत अडकवून दाखवलं पकड म्हणजे काय. ती बराच वेळ बोटांकडे बघत होती, मग म्हणाली, "अगं, मला सुईची नाही, रिपोर्टची भीती वाटते." तिथे मला बोलायला काही सुचलं नाही, नुसती बसून राहिले. चुन्याची डबी तिने स्वतः मला दिली. सोमवारी सकाळची नवीन वेळ मिळालीये, मी रजा टाकलीये. ज्या काकूंनी मेसेज टाकला त्यांना फोन करून ग्रुपवर खुलासा टाकायला सांगितलंय, अजून टाकलेला नाही.