व्हेनिसमध्ये गाड्या नाहीत, पायऱ्या आहेत

परवा मावशीने आईला एक फॉरवर्ड पाठवला आणि तासाभरात तो घरच्या ग्रुपवर आला. ‘आजी-आजोबा, नातवंडं सगळे मिळून युरोपला जाताय? डोळे मिटून व्हेनिस निवडा. एकही गाडी नाही, सगळं शहर सपाट, व्हीलचेअर आणि बाबागाडी कुठेही जाते, फिरायला तिकिटाचा खर्च नाही, पलीकडे मुख्य भूमीवर मेस्त्रेत राहिलात तर हॉटेलही स्वस्त. दिवाळीची सुट्टी उत्तम.’ आई ७१ वर्षांची, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दादाची धाकटी ३ वर्षांची. दादा हॉटेलं बघायलाही लागला, म्हणून हे लिहायला बसले.

सपाट? जमीन सपाट आहे, टेकडी नाही, एवढं खरं. पण हे शहर शंभरावर बेटांचं आहे आणि ती जोडायला चारशेहून जास्त पूल आहेत. खालून होड्या जाव्यात म्हणून पूल कमानीसारखे उंच, आणि बहुतेकांना पायऱ्या. मी तीन वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन गेले होते. नकाशावर सान मार्को, म्हणजे तिथला मुख्य चौक, अर्ध्या-पाऊण तासावर दिसत होता. पाचव्या पुलाशी सासूबाई कठडा धरून थांबल्या. चढताना दम लागत होता, पण खरा त्रास उतरताना होता, प्रत्येक पायरीवर आधी एक पाय, मग दुसरा. ‘तुम्ही जाऊन या, मी इथेच बसते,’ म्हणाल्या. बसायला जवळपास एक बाक नव्हता. शेजारून एक जोडपं बाबागाडी दोन टोकांना धरून, आत झोपलेल्या बाळासकट उचलून नेत होतं.

‘व्हीलचेअर कुठेही जाते’ हे लिहिणाऱ्याचा मला सगळ्यात जास्त राग आला आहे, कारण त्यावर विश्वास ठेवून कोणीतरी खरंच एखाद्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाईल. जुने पूल सोडा. स्टेशनची बाजू आणि पियाझ्झाले रोमाचा बसथांबा जोडणारा, सांतियागो कालात्रावा या स्पॅनिश वास्तुकाराने रचलेला पूल 2008 साली खुला झाला. एकविसाव्या शतकातला पूल, तरी पायऱ्यांचाच, आणि त्याही काचेच्या. माणसं घसरून पडू लागली. व्हीलचेअरसाठी मागाहून एक सरकती पेटी बसवली, ती नीट चालली नाही आणि 2020 मध्ये काढून टाकली. 2022 मध्ये काचेच्या जागी दगड बसवायचं ठरलं. शहराच्या दारातल्या नव्या पुलाची ही गत, तर आतल्या गल्ल्यांचं काय सांगायचं?

तिथल्या महापालिकेनेच व्हीलचेअरवाल्यांसाठी नकाशा काढला आहे. वापोरेत्तोच्या, म्हणजे पाण्यावरच्या सार्वजनिक बोटीच्या, कुठल्या थांब्यावर उतरलं की पूल न चढता कुठवर जाता येतं, ते त्यात दिसतं. पालिका स्वतः भाग वेगळे करून दाखवते आणि फॉरवर्ड ‘कुठेही’ म्हणतो. फॉरवर्ड पुसा आणि तो नकाशा छापून घ्या.

त्यामुळे तिकिटाचा मुद्दाही निकालात निघतो. ज्येष्ठांसाठी तिथे बोट हेच पाय. एका फेरीचं तिकीट साडेनऊ युरो, 72 तासांचा पास 45 युरो. हा खर्च धरूनच जा.

गाड्या नाहीत हे मात्र मान्य. हॉर्न नाही, धूर नाही, रस्ता ओलांडायची भीती नाही. पण कितीतरी कालव्यांच्या काठाला कठडाच नाही. ३ वर्षांच्या मुलीचा हात तिथे एक क्षणही सोडता येत नाही.

मेस्त्रे स्वस्त आहे आणि रेल्वेने दहा-बारा मिनिटांवर आहे, हेही खरं. पण दुपारी आईला आडवं व्हायचंय, मुलीला झोपवायचंय, त्यासाठी परत स्टेशन गाठायचं? त्यापेक्षा आतलंच, लिफ्ट असलेलं हॉटेल घ्या, आणि बोटीच्या थांब्यापासून दारापर्यंत एकही पूल नाही ना, हे बुकिंगआधी विचारा.

दिवाळीचं म्हणाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच तिथे मोठ्या भरतीचं पाणी चढतं. 2020 पासून समुद्राचं पाणी जिथून आत येतं तिथे ते अडवायला दरवाजे उभे करतात, पण पातळी 110 सेंटिमीटरच्या घरात जायची चिन्हं असली तरच. सान मार्को चौक त्याच्या बराच आधी भिजतो.

दादाला मी ल्युब्लियाना सुचवलंय, स्लोव्हेनियाची राजधानी. नदीकाठचा जुना भाग गाड्यांना बंद आहे, तिथले पूल सपाट आहेत, किल्ल्यावर जायला चढावरच्या रुळांवरून वर ओढली जाणारी फ्युनिक्युलर आहे. ज्यांना पायी चालणं जमत नाही त्यांच्यासाठी ‘काव्हालिर’ नावाच्या छोट्या विजेच्या गाड्या त्या भागात फिरतात, हात केला की थांबतात. चार दिवस तिथे राहावं, मग बसने व्हेनिस गाठून दोन दिवस बोटीतूनच बघावं.

आईला फोटो दाखवले. तिने एकच विचारलं, ‘त्या छोट्या गाडीचे पैसे लागत नाहीत ना, नक्की?’

नाही लागत.