लेकाला कान टोचायचाय

अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर मिरवणूक बघायला गेलो होतो. एक पथक नेमकं आमच्यासमोर थांबलं. पहिल्या रांगेतल्या दादाच्या उजव्या कानात, वरच्या बाजूला भिकबाळी होती. दोन मोती आणि मधे लाल खडा. टिपरू ढोलावर पडलं की ते मोती थरथरायचे. माझा लेक ढोलाकडे बघतच नव्हता, त्या कानाकडे बघत होता. रात्री झोपताना म्हणाला, "आई, मला कान टोचायचाय."

मी म्हटलं, "बघू."

आपल्याकडे "बघू" म्हणजे नाही, हे अकरा वर्षांच्या मुलाला पक्कं माहीत असतं. तरी त्याने दिवाळीत परत विचारलं. संक्रांतीला विचारलं. मार्चमध्ये विचारलं तेव्हा मात्र माझी मलाच लाज वाटली. पोरगं सहा महिने एकच गोष्ट मनात धरून बसलंय आणि आपण त्याला एक धड उत्तर देत नाही. हो म्हणा, नाही म्हणा, पण कारण सांगून म्हणा.

मग घरात रीतसर बोलणं झालं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्यात विचारायचं काय? बारशालाच टोचायचे होते, तेव्हा तो काचेच्या पेटीत होता म्हणून राहिले." नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. शाळेत पोरं चिडवतील, आणि बायकी दिसेल.

हा "बायकी" शब्द मला फार लागला. एक तर बाईसारखं दिसणं ही शिवी कधीपासून झाली? आणि दुसरं, आपल्याकडे पुरुषांच्या कानात दागिना नव्हता असं कोण म्हणतं? पंढरपूरला विठोबाच्या कानातली माशाच्या आकाराची कुंडलं डोळे भरून बघतोच ना आपण? घराघरांतल्या शिवाजी महाराजांच्या चित्रात कानात मोती असतात. भिकबाळी तर पेशवाईतल्या पुरुषांचीच ओळख. सासूबाईंच्या सासऱ्यांच्या कानातही शेवटपर्यंत सोन्याची बाळी होती, आणि ते नांगर धरणारे गृहस्थ होते. ज्या घरात मुलं जगत नसत तिथे नवस बोलून, पाच घरी भीक मागून जमलेल्या पैशांतून मुलाच्या कानात बाळी घालायचे, म्हणून ती भिकबाळी, असं त्या सांगतात. म्हणजे मुलगा जगावा म्हणून घातलेला दागिना. सुश्रुतानेही बाळाचे कान टोचण्याची दोन कारणं दिली आहेत, रक्षण आणि भूषण. त्यातही मुलाचा आधी उजवा कान टोचावा आणि मुलीचा डावा, असं सांगितलंय. म्हणजे कान दोघांचेही टोचायचे होते. मुलांचे टोचणं आपण मधल्या काळात कधीतरी सोडून दिलं, आणि आता त्यालाच रीत म्हणतोय.

नवऱ्याने हे सगळं ऐकून घेतलं. पण खरं वळण माझ्या लेकीने दिलं. ती पंधरा वर्षांची आहे, कोपऱ्यात अभ्यास करत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "त्याच्यासाठी एवढी चर्चा चाललीये. मला विचारलं होतं का कुणी?"

नव्हतं विचारलं. साडेचार महिन्यांची होती ती. गावाकडे सोनाराच्या पेढीवर नेलं होतं. मी डोकं धरलं, सासूबाईंनी हात धरले. सोनाराने पाळीवर ठिपका दिला, सोन्याची तार आरपार ओढली, पिळली, खोबरेल तेलाचं बोट लावलं. पहिला कान तिला कळलासुद्धा नाही. दुसऱ्या वेळी मात्र सोनाराचा हात जवळ येताच तिने मान झटकली, आणि डाव्या कानाचं भोक जरा खाली पडलं. पुढे तो कान पिकला, दहा दिवस पू येत होता. आज ती झुमके घालते तेव्हा डावा झुमका उजव्यापेक्षा खाली लोंबतो. ते भोक ओघळत चाललंय, म्हणून लग्नकार्यातसुद्धा जड कानातलं घालत नाही. तिच्या वेळी ना आम्ही डॉक्टरांना विचारलं, ना कुणी बायकी-पुरुषी काढलं. मुलगी आहे, कान टोचायचेच, विषय संपला. आणि मुलगा स्वतःच्या तोंडाने मागतोय तर त्याला सहा महिने "बघू".

मी तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "मला कानातलं आवडतं गं आई, पण विचारायला हवं होतंस." मला तिचं शंभर टक्के पटलं. आज माझ्या पोटी तान्हं बाळ असतं तर मी त्याचे कान टोचले नसते, मुलगी असो वा मुलगा. मागतील तेव्हा टोचू.

मग त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेले. सोनारानेच कान टोचावे ही म्हण मला मान्य आहे, पण यावेळी मला निर्जंतुक सुई आणि हातमोजे हवे होते. डॉक्टरांनी त्याच्याशीच बोलणं केलं, माझ्याशी नाही, हे मला फार आवडलं. त्याच्याच कानाला त्याचंच बोट लावायला सांगितलं. खालची पाळी मऊ आहे, तिथे रक्तपुरवठा चांगला, जखम सहा ते आठ आठवड्यांत भरते. वरचा भाग कडक लागतो ना, ती कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, वरच्या पातळ आवरणातून तिचं पोषण होतं. तिथे टोचलं तर भरायला सहा महिने, कधी वर्षही लागतं. आणि जंतू शिरले तर औषध तिथवर नीट पोचत नाही, कूर्चा झडून कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. कान टोचायच्या बंदुकीने तर तिथे अजिबात टोचून घेऊ नका म्हणाले, धक्क्याने कूर्चा चिरडते आणि ती बंदूक नीट निर्जंतुकही होत नाही. मग त्याच्या गुडघ्यावरचा टाक्यांचा जुना वण बघितला. काही जणांचे वण फुगून गाठ होते, केलॉइड म्हणतात त्याला. याचा वण सपाट होता. धनुर्वाताची दहाव्या वर्षीची लस झाली होती.

तर भिकबाळी आत्ता नाही. लेकाचे डोळे भरून आले, कारण त्याला तीच हवी होती. मी त्याला खोटी आशा लावली नाही. म्हटलं, सोळा वर्षांचा झालास आणि तेव्हाही हवी असेल तर मी स्वतः घेऊन जाईन, आत्ता खालची पाळी. एक दिवस रुसला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, चालेल, पण उजवाच.

एक अट डॉक्टरांनी घातली होती. जखम भरेपर्यंत पोहणं बंद. मेच्या सुट्टीत तलावावर जाणं म्हणजे या मुलाचा जीव की प्राण, मित्र सगळे तिथेच असतात. मी काहीच बोलले नाही, त्यालाच ठरवू दिलं. दोन दिवसांनी म्हणाला, "आई, या वर्षीची फी भरू नकोस." तिथे माझी उरलेली शंका गेली. नवऱ्याचीही गेली असावी, कारण निकेल नसलेलं कानातलं कुठे मिळतं हे तोच शोधत बसला.

शाळेचं मात्र अडलंय. मुलींना छोटी कुडी चालते, मुलांना नाही, असं वर्गशिक्षिकांनी सांगितलं. खेळताना ओढलं जाईल म्हणून नको असेल तर दोघांनाही नको म्हणा, माझी हरकत नाही. मी मुख्याध्यापकांना तसं पत्र दिलंय, उत्तर यायचंय. नाहीच जमलं तर शाळेच्या वेळेत पारदर्शक काडी घालायची तयारी आहे.

मेच्या पहिल्या शनिवारी सकाळी जायचंय. काल सासूबाईंनी डबीतून त्यांच्या सासऱ्यांची बाळी काढली. पातळ, एका बाजूने झिजलेली. लेकाने आरशासमोर उभं राहून ती उजव्या पाळीला नुसती टेकवून बघितली, बराच वेळ. मग परत कापसात गुंडाळून डबीत ठेवली. बरोबर कोण येऊ, मी की बाबा, असं विचारलं तर म्हणाला, "ताई."