आरपीजी खोल झाल्या की नुसत्या रुंद?

सकाळपासून टाइमलाइनवर एकच पोस्ट फिरतेय. डावीकडे जुन्या आरपीजीचा (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एक पात्र घडवून त्याच्या भूमिकेत खेळायचा गेम) ठोकळेबाज स्क्रीनशॉट, उजवीकडे आत्ताच्या गेममधला चेहरा, कातडीवरची छिद्रंसुद्धा मोजता येतील असा. खाली लिहिलंय की तेव्हा नुसते आकडे आणि फासे होते, खरी खोली आता आली. आणि त्याखाली आपल्याच लोकांचे बदाम! इतर कुणी टाकले असते तर सोडून दिलं असतं, पण तुम्ही?

चेहरा सुंदर आहे, वाद नाही. पण आरपीजीची खोली चेहऱ्यावर मोजायची नसते. तुम्ही सुरुवातीला एक माणूस बांधता. त्याची बुद्धी किती, जीभ किती चालते, हाताला काय जमतं. पुढे गेम त्या माणसाची दखल किती ठिकाणी घेतो आणि त्याच्यापायी तुम्हाला काय काय नाकारतो, ही खोली. मॅप किती मोठा, पुरा करायला तास किती लागतात, ही रुंदी. दोन्हींची गल्लत करून वर बदाम टाकायचे म्हणजे कमाल आहे.

१९९७ चा फॉलआउट घ्या, अणुयुद्धानंतरच्या उजाड जगातला गेम. (स्पॉयलर आहेत. इतकी वर्षं खेळला नसाल तर माझा इलाज नाही.) सात गुण, प्रत्येकी ५ पासून सुरुवात, वाटायला वर ५ पॉइंट. १८ स्किलमधली (कौशल्यांमधली) तीन टॅग करायची, म्हणजे खास म्हणून निवडायची. दर लेव्हलला मिळणारे स्किल पॉइंट म्हणजे ५ अधिक बुद्धीची दुप्पट. बुद्धी ९ ठेवली तर २३ मिळतात, ३ ठेवली तर ११. पण खरी शिक्षा पॉइंटांची नाहीच. बुद्धी ३ असली की तुमच्या माणसाला धड वाक्य बोलता येत नाही. तो हुंकारतो. समोरची माणसं कंटाळून तोंड फिरवतात आणि अर्धी कामं तुम्हाला कुणी सांगतच नाही.

आणि या गेमच्या शेवटी, कॅथीड्रलच्या खाली, मास्टर नावाचा खलनायक बसलेला आहे. सगळ्या माणसांना सुपर म्युटंट, म्हणजे बदललेल्या शरीराचे राक्षसी जीव, करून टाकायचं, म्हणजे भांडणंच संपतील, असा त्याचा बेत. त्याला गोळ्या घालता येतात. खालच्या मजल्यावरचा बॉम्ब सुरू करून सटकता येतं. किंवा त्याच्याशी बोलता येतं. शेवटच्या खलनायकाला वादात हरवायचं! तेही नुसतं 'तू चुकतोयस' म्हणून भागत नाही. म्युटंट वांझ आहेत, त्यांची पुढची पिढी होणारच नाही, हे सांगितलं तर तो पुरावा मागतो.

पुरावा कुठे आहे? ब्रदरहूड ऑफ स्टील नावाच्या, जुनं तंत्रज्ञान जपणाऱ्या संघटनेच्या बंकरात, व्ह्री नावाच्या संशोधक बाईकडे. तिनं म्युटंटचं शवविच्छेदन केलेलं आहे, विचारलं की डिस्क देते. पण बंकरात असं कुणी आत घेत नाही. दारावरचे लोक आधी 'द ग्लो' या किरणोत्सारी अवशेषांकडे धाडतात. तिथे उतरायला दोर लागतो. विसरलात तर खड्ड्याच्या काठावरून परत. रेडिएशनवर रॅड-एक्स या औषधाच्या दोन गोळ्या, आणि त्याही पोचायच्या आधी घ्यायच्या. नवखे लोक एक घेतात किंवा आत गेल्यावर घेतात, आत काहीच झालं नाही म्हणून खूश होतात आणि परतीच्या वाटेवर मॅपवर चालता चालता मरतात. रेडिएशन उशिरा भिनतं. गेम ते ओरडून सांगत नाही.

एवढं करून डिस्क खिशात आली, तरी बुद्धी आणि स्पीच (बोलण्याचं स्किल) नसेल तर ती वाक्यं तुमच्या यादीत उमटतच नाहीत. म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत वाटलेले पॉइंट, मधल्या प्रवासात केलेली चौकशी आणि शेवटचा प्रसंग, सगळं एका दोऱ्यात. मास्टरला पटतं, तो स्वतःच सगळं उडवून द्यायचं ठरवतो, आणि तुमच्याकडे बाहेर पळायला मोजकी मिनिटं उरतात. एक गोळी न झाडता. हे नुसते आकडे आणि फासे?

आता कुणीतरी म्हणेल, तो एक अपवाद झाला. बरं, मागे जाऊ. अल्टिमा ४, साल १९८५. त्यात खलनायकच नाही. आठ सद्गुण अंगी बाणवायचे, एवढंच काम. जडीबुटी विकणारी बाई आंधळी आहे. ती किंमत सांगते आणि किती नाणी ठेवायची ते तुम्ही टाइप करता. कमी टाकली तरी माल मिळतो, ती काही बोलत नाही. फक्त आत कुठेतरी प्रामाणिकपणाचा आकडा उतरतो आणि त्याची पाटी स्क्रीनवर लागत नाही. पुढे हॉकविंड नावाच्या द्रष्ट्याला विचाराल तेव्हा तो अंदाज देईल. बहुतेकांचं काय होतं, सुरुवातीला पैसे कमी म्हणून दर खेपेला एक-एक नाणं टाकतात, आणि मग हा सद्गुण का वाढेना म्हणून डोकं खाजवत बसतात. आज असा प्रसंग केला तर बाजूला पाटी झळकेल, 'प्रामाणिकपणा −५', आणि तुम्ही निमूट आधी जपून ठेवलेला सेव्ह लोड कराल.

हां, जुनं सगळं सोनं होतं असं नाही. अल्टिमा ४ मध्ये मंत्रांसाठी जडीबुटी हातानं मिसळत बसणं हा शुद्ध छळ आहे. फॉलआउटमधला तुमचा साथीदार इयन मागून मशीनगन चालवतो आणि निम्म्या गोळ्या तुमच्याच पाठीत घालतो. त्याला सबमशीनगन देऊ नका, पिस्तूल द्या. ही खोली नव्हे, हा गलथानपणा.

मॉरोविंड या गेमचंही तसंच (२००२). तलवार शत्रूच्या छातीतून आरपार जाताना दिसते आणि गेम म्हणतो, चुकली. लोक चिडून गेम बंद करतात. आतलं गणित साधं आहे: शस्त्राचं स्किल, अधिक चपळाईचा पाचवा भाग, अधिक नशिबाचा दहावा भाग. मग त्याला दमानं गुणायचं. दम पूर्ण असेल तर १.२५, संपला असेल तर ०.७५. समजा स्किल १०, चपळाई ४०, नशीब ४०. बेरीज २२. दम भरलेला असताना साधारण २७ टक्के, धापा टाकत असताना १६. शत्रूची हुकवण्याची ताकद त्यातून वजा होते ती वेगळीच. म्हणून मॉरोविंडमध्ये धावत जाऊन हल्ला करायचा नसतो. शेवटची चार पावलं चालत जायचं, आणि सुरुवातीला ज्या शस्त्राचं स्किल ३० च्या वर आहे तेच हातात धरायचं. हे गेमनं नीट दाखवायला हवं होतं. दाखवलं नाही. पण दाखवता येत नाही म्हणून उपटून टाकणं हा उपाय झाला का?

कारण पुढे तेच झालं. मॉरोविंडमध्ये २७ स्किल, त्याच मालिकेतल्या पुढच्या ऑब्लिव्हियनमध्ये (२००६) २१, स्कायरिममध्ये (२०११) १८ आणि मूळ आठ गुण तर गायबच. आकडे कमी झाले याचं मला दुःख नाही, खरंच नाही. दुःख याचं आहे की माणूस कोण आहे हे विचारणंच बंद झालं. मॉरोविंडच्या गिल्डमध्ये (संघटनेत) बढती हवी तर ठरावीक स्किल आणि गुण लागतात. नसतील तर सरळ सांगतात, आधी शिकून या. स्कायरिममध्ये दोन-चार मंतर येत असले आणि बाकी सगळं कुऱ्हाडीनं केलं, तरी तुम्ही जादूच्या विद्यापीठाचे मुख्य होता! कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. ऑब्लिव्हियनमध्ये तुमची लेव्हल वाढली की वाटमाऱ्याचीही वाढते, आणि मग अंगात लाखमोलाचं ग्लास चिलखत घातलेला इसम रस्त्यात अडवून १०० नाणी मागतो. बाबा, चिलखत विक, गावं विकत घे.

आणि कुठे जायचं ते दाखवणारा तो बाण! मॉरोविंडमध्ये आर्कन्गथँड नावाच्या अवशेषांमधून ड्वेमर या लुप्त जमातीची कोड्याची पेटी आणायची असते. पूल ओलांडा, बाहेरच्या पाइपावरची कळ फिरवा, तेव्हा दार उघडतं. पेटी हातात मावेल एवढी, आत फळीवर पडलेली. शोधून शोधून जीव जातो. पण त्या वेळात तुम्ही ते अवशेष बघता, कारण बघावेच लागतात. ऑब्लिव्हियनपासून होकायंत्रावर खूण आली आणि नजर स्क्रीनच्या त्या पट्टीवर खिळली. लिहिणाऱ्यांनाही सोपं झालं, वाट शब्दांत सांगायची गरजच संपली. 'खूण बंद करून खेळा' असा सल्ला देऊ नका, चालत नाही. खूण बंद केली की कळतं, कुठे जायचंय हे कुणी बोललेलंच नसतं.

सगळ्यात मोठा फटका आवाजानं दिला, हे माझं ठाम मत. कागदावर दहा वेगळी उत्तरं लिहायला एक दुपार पुरते. तीच प्रत्येक भाषेत रेकॉर्ड करायची, ओठ जुळवायचे, हातवारे बसवायचे म्हटलं की हिशेब बघणारा माणूस विचारतो, बुद्धी ३ चा माणूस किती लोक खेळणार? आणि ती फांदी कापली जाते. फॉलआउट ४ (२०१५) त्याचं ढळढळीत उदाहरण. नायकाला आवाज दिला, प्रत्येक संवादाला चार पर्याय, चार बटणांसाठी. बोलण्याचं वेगळं स्किल नाही. ज्या मालिकेत मास्टरला पुराव्यानिशी गप्प करता यायचं, त्याच मालिकेत हो, खोचक हो, आधी प्रश्न आणि मग हो!

जरा शांत होतो.

कारण दुसरी बाजू आहे, आणि ती मला आवडते. त्याच २०१५ च्या विचर ३ मध्ये टेकडीखाली झाडात कोंडलेला आत्मा सोडायचा की मारायचा, याचं फळ तिथल्या तिथे मिळत नाही. पोरं वाचतात की नाही, गावाचं काय होतं, तिथल्या बॅरनच्या (सरदाराच्या) घराचं काय होतं, हे बऱ्याच वेळानं उलगडतं, तोवर जुना सेव्ह मागे पडलेला असतो. लेखन म्हणून अव्वल. पण त्यातला नायक गेराल्ट आधीच ठरलेला, तो गेराल्टच असतो. तुम्ही वाटलेल्या पॉइंटांचा संवादाशी संबंध येतो तो मुख्यतः अ‍ॅक्सी या मन वळवणाऱ्या मंत्रातल्या डिल्यूजनपुरता. कथा खोल, तुम्ही बांधलेल्या माणसाची पाटी कोरी.

डिस्को एलिझियमनं (२०१९) मात्र मान खाली घालायला लावली. लढाईची वेगळी यंत्रणाच नाही. २४ स्किल, दोन फासे, दोन षटकार पडले की पास, दोन एक्के पडले की नापास, स्किल काहीही असो. आणि स्किल वाढवणं नेहमी फायद्याचं नसतं: अधिकाराचं स्किल वाढवलं की ते तुम्हाला भलत्या जागी डरकाळ्या फोडायला लावतं. शरीराकडे दुर्लक्ष केलंत तर पहिल्याच खोलीत दिवा लावल्यावर मरू शकता. दिवा लावल्यावर! हीच ती मास्टरवाली गोष्ट. कागदावरचा माणूस प्रत्येक दारात तुमच्या आधी उभा.

बाल्डर्स गेट ३ (२०२३) तर पूर्ण आवाज देऊन हे करून दाखवतो, म्हणजे माझा वरचा मुद्दा थोडा लंगडा पडतो. पडू दे. त्यात प्रेताशी बोलायचा मंत्र आहे, पाच प्रश्न विचारता येतात. पण तुम्हीच त्याला मारलं असेल तर प्रेत तोंड उघडत नाही. मग रूप बदलायचा मंत्र टाका, दुसरा चेहरा घ्या, परत विचारा, बोलतं. कुणीतरी बसून हा विचार केला, कोड लिहिला, रेकॉर्डिंग केलं. पण असा गेम करायला वर्षं लागली, आणि बाकीच्यांनी त्यातून काय उचललं ते दिसतंच आहे. गोळीबाराच्या गेमला लेव्हल आणि रंगीत लूट चिकटवायची, बंदुकीची इजा ४ टक्क्यांनी वाढवायची आणि डब्यावर आरपीजी छापायचं.

आता जे बोलायला नको तेही बोलतो. कंपन्यांना शिव्या घालणं सोपं आहे, पण फॉलआउटमध्ये मुळात दोन घड्याळं होती. तुमच्या व्हॉल्टसाठी, म्हणजे भूमिगत आश्रयस्थानासाठी, पाणी शुद्ध करणारी चिप आणायला १५० दिवस. हब या व्यापारी शहरातून पाण्याचे व्यापारी तुमच्या व्हॉल्टकडे धाडले तर १०० दिवस वाढून मिळायचे. पण त्या काफिल्यामुळे व्हॉल्टचा पत्ता फुटायचा, आणि मास्टरची फौज ५०० दिवसांऐवजी ४०० दिवसांतच दारात यायची. सोय घेतली तर किंमत मोजा. लोकांना ते जाचक वाटलं आणि पॅचमध्ये ती दुसरी मुदत तेरा वर्षांपर्यंत ताणली, म्हणजे व्यवहारात काढूनच टाकली. आज विकत मिळतो तो गेम हाच. व्यापारी बिनधास्त पाठवा, काही बिघडत नाही.