‘सहा वेळा गेलो, गुडघा तसाच’ : आमचं उत्तर

नमस्कार पैलवान,

आमच्या कायरोप्रॅक्टिक (मणके-सांधे हातानं हलवून उपचार करण्याच्या) दवाखान्याबद्दलचा तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून सहा वेळा बसनं आलो, दर वेळी अर्धा दिवस बुडाला, ४,२०० रुपये गेले, कंबर थोडी सुटली पण गुडघा आहे तसाच. मान मोडून मोकळी करा म्हटलं तर केली नाही. आणि व्यायामच करायचे होते तर ते तालमीत करतच होतो की वो, असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही जेवढं स्वतः सांगितलंय तेवढ्यावरच बोलतो. तपासणीतलं काही इथे उघड्यावर मांडणार नाही.

आधी आमची चूक. पहिल्या दिवशी काउंटरवर तुम्हाला ‘सहा सीटिंगमध्ये मोकळे व्हाल’ असं सांगितलं गेलं. असं कुणालाच सांगता येत नाही. संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत होतं, तुम्ही विश्वासानं सही केलीत आणि आम्ही ते मराठीत वाचूनही दाखवलं नाही. दाखवलं असतं तर गुडघ्याबद्दल काय लिहिलंय ते तुम्हाला तिथेच कळलं असतं. आता मराठी संमतीपत्र छापून घेतलंय. आणखी एक : चौथ्या वेळेपर्यंत गुडघ्यात फरक नव्हता, तेव्हाच मी थांबून तुम्हाला हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवायला हवं होतं. पुढच्या दोन सीटिंगचे १,४०० रुपये परत काढून ठेवलेत.

आता गुडघ्याचं. एकेरी पट (समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा डाव) काढताना पाय मातीत रुतलेला आणि अंग फिरलेलं, त्या वेळी ‘कट्’ झालं, महिनाभर सुजला, मग परत कुस्ती धरली, असं तुम्ही लिहिलंय. असे पैलवान माझ्याकडे बरेच येतात. अशा झटक्यात गुडघ्याच्या आतला लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) तुटतो किंवा दोन हाडांमधली गादी फाटते. सूज उतरते, माणूस परत आखाड्यात जातो, पण सांधा आतून ढिला राहतो आणि दर बैठकीला घासत राहतो. अशा दुखापतीनंतर १० ते २० वर्षांत साधारण निम्म्या लोकांच्या गुडघ्यात झीज होऊन त्रास सुरू होतो. तुमचा गुडघा तसाच आहे का, हे एमआरआय आणि हाडांचे डॉक्टर सांगतील. पण ढिला सांधा हातानं झटका देऊन घट्ट होत नाही, आणि झिजलेली कुर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) कुठलाही कायरोप्रॅक्टर भरून देऊ शकत नाही. कुणी तसं सांगत असेल तर पैसे देऊ नका, मला तर मुळीच नको.

कायरोप्रॅक्टिकची ही पद्धत १८९५ मध्ये अमेरिकेत डी. डी. पामर यांनी सुरू केली. भारतात तिच्यासाठी वेगळी सरकारी नोंदणी नाही, म्हणून सांगतो : मी मुळात फिजिओथेरपिस्ट आहे, मणके हातानं हलवण्याचं शिक्षण नंतर घेतलं. जुन्या कंबरदुखीत त्याचा उपयोग होतो, पण माफक, साधारण व्यायामाइतकाच. कंबर सुटली म्हणता ते त्यातलंच असावं. रोपलावणीला आठ दिवस वाकलात तर परत धरेलही.

‘कडकड आवाजच आला नाही’ ही तुमची मोठी तक्रार. तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या पाण्यात दाब एकदम कमी होऊन वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. आला म्हणून गुण आला असं नाही.

मानेच्या बाबतीत मात्र मी माझ्या निर्णयावर ठाम आहे. वर्षानुवर्षं मानेवर घुटना (गुडघ्यानं मान दाबायचा डाव) झेललेला माणूस ‘हाताला मुंग्या येतात’ म्हणतो, तेव्हा मानेतल्या शिरेवर (मज्जातंतूवर) दाब असण्याची शक्यता असते. तिथे झटका दिला तर असलेलं दुखणं वाढू शकतं. शिवाय मान जोरात फिरवताना मेंदूला रक्त नेणारी रक्तवाहिनी फाटून लकवा मारल्याची उदाहरणं आहेत. क्वचित घडतं, पण घडतं. सलूनमध्ये दाढीनंतर मान मोडून घ्यायची सवय आपल्याकडे बऱ्याच जणांना आहे, तीही तुम्ही सोडा.

व्यायामाबद्दल बोलायचं तर, तालमीतल्या पाचशे बैठका आणि मी सांगितलेले व्यायाम एक नव्हेत. झिजलेल्या गुडघ्यावर खोल बैठक म्हणजे भार. आपण मांडीचा पुढचा आणि मागचा स्नायू हळूहळू घट्ट करतोय, म्हणजे सांध्याचा भार तो उचलेल. तीन महिने तरी लागतील आणि ते घरीच करायचे आहेत, हे तुमचं खरं आहे. माझे थोरले चुलते पैलवान होते. चाळिशीतच ते कठडा धरून जिना उतरायचे. त्यांना हे कुणी वेळेवर सांगितलं नाही, ते बघूनच मी या कामात आलो, आणि तुम्हाला मीही नीट सांगितलं नाही, याचं मला फार वाईट वाटतंय.

पैसे न्यायला याल तेव्हा हाडांच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी तयार असेल, तपासणीचे वेगळे पैसे नाहीत. तोपर्यंत मानेला कुणाचाही हात लागू देऊ नका. हातातली पकड सुटायला लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवर ताबा राहिना, तर आमची वाट बघू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.