घर बघायचं तर मे महिन्यात बघा, पण टोकन उत्सवाच्या मांडवात देऊ नका

गुढीपाडव्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत कल्याणच्या आसपासच्या गावांत प्रत्येक मोकळ्या जागेवर काही ना काही चालू असतं. डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा, कुठेही जा. आंबा महोत्सव, कोकणी जत्रा, खाद्यमहोत्सव, मुलांची उन्हाळी शिबिरं. आणि जवळजवळ प्रत्येक मांडवात शिरतानाच बांधकाम कंपनीचं टेबल, थर्माकोलची इमारत आणि 'अक्षय्य तृतीयेपर्यंतच' असा फलक. मुंबईत जागा परवडत नाही म्हणून इकडे बघायला आलेलं कुटुंब संध्याकाळी आंब्याची पेटी घ्यायला येतं आणि एकावन्न हजारांचं टोकन देऊन परत जातं.

हे उत्सव व्हायलाच हवेत. नव्या वस्तीत शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही, तिथे अशा संध्याकाळींमुळेच गाव तयार होतं. माझं म्हणणं वेगळं आहे. उन्हाळा हा उपनगरात घर तपासायचा सगळ्यात चांगला काळ आहे आणि घराचे पैसे द्यायचा सगळ्यात वाईट. आपण नेमकं उलटं करतो.

सुरुवात पाण्यापासून करा. अंबरनाथ-बदलापूरला जीवन प्राधिकरण पाणी देतं, डोंबिवलीत महापालिका आणि काही भागांत एमआयडीसी. बारवी धरण एमआयडीसीचं, त्यावर कित्येक शहरं अवलंबून. जानेवारीत ही चौकशी केलीत तर सगळीकडे 'भरपूर पाणी' हेच उत्तर मिळेल. एप्रिलच्या शेवटी आणि मे महिन्यात मात्र खरं काय ते रस्त्यावरच दिसतं. सकाळी सहा ते आठ या वेळात त्या गल्लीत उभे राहा आणि टँकर किती आत जातात ते मोजा.

मग हिशोब करा. शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण माणशी रोज १३५ लिटर धरतात. चार माणसांच्या घराला ५४० लिटर, ८० घरांच्या इमारतीला ४३,२०० लिटर. नळाने निम्मंच येत असेल तर रोज दहा हजार लिटरचे दोन टँकर लागणार. टँकर दोन हजार रुपयांना धरला तर महिन्याला १,२०,००० रुपये, म्हणजे प्रत्येक घरामागे १,५०० रुपये, तेही देखभाल खर्चाच्या वर. तुमच्या भागातला दर घालून हेच गणित पुन्हा मांडा. कर्जाचा हप्ता ठरवताना हा आकडा कोणीच धरत नाही, आणि पहिल्याच उन्हाळ्यात सोसायटीच्या सभेत भांडणं होतात ती यावरूनच. सेल्सवाल्याला विचारू नका, शेजारच्या जुन्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे मागच्या एप्रिल-मेची टँकरची बिलं बघायला मागा. बहुतेक जण दाखवतात. आणखी एक विचारा: इमारतीला नळजोडणी मंजूर आहे, की फक्त अर्ज केलेला आहे? बोअरचं पाणी असेल तर ते प्यायला चालतं का, की फक्त वापरायला?

घर दुपारी तीन ते पाचमध्ये बघा. पश्चिमेची भिंत आणि सगळ्यात वरचा स्लॅब किती तापतो ते सकाळी अकराला कळत नाही. महावितरणने दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवली तर लिफ्ट आणि पाण्याचा पंप जनरेटरवर चालतात का, तेही त्याच फेरीत विचारून घ्या.

पण उन्हाळा तीन गोष्टी लपवतोही. पहिली, गळती. जुनं घर घेत असाल तर मे महिन्यात भिंती कोरड्या असतात आणि विकणाऱ्याने नुकताच रंग लावलेला असतो. कपाटाच्या मागची भिंत, खिडकीच्या चौकटीखालचा कोपरा आणि बाथरूमचं छत बघा. तिथे पांढरी क्षारांची रेघ, फुगलेला पोपडा किंवा एकाच चौकोनात ताजी पुट्टी दिसली की पावसाळ्यात पाणी येतंय असं समजा. वरच्या मजल्यावरच्यांना भेटून विचारा, ते सरळ सांगतात.

दुसरी, नदी. मे महिन्यात उल्हास नदी इतकी अंग चोरून असते की काठावरची बाग फारच सुंदर वाटते. २६ जुलै २००५ला याच नदीने काय केलं ते इथल्या जुन्या माणसांना विचारा. जुलै २०१९मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती. पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. प्रकल्प या दोन रेषांच्या मध्ये असेल तर परवानगी कोणत्या अटींवर दिली आहे ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. 'रिव्हर व्ह्यू'साठी चौरस फुटामागे जादा दर लावणाऱ्याला हा प्रश्न आवर्जून विचारा.

तिसरी, गर्दी. साइट दाखवायला कंपनीची गाडी रविवारी स्टेशनवर येते. शाळांना सुट्टी, बरेच लोक गावी गेलेले, लोकलमध्येही बसायला मिळतं. कल्याण ते बदलापूर अजून दोनच मार्गिका आहेत, तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम चालू आहे. त्यामुळे रोजचा प्रवास तपासायचा तर शाळा उघडल्यावर, जूनच्या शेवटी सोमवारी सकाळी साडेसातला फलाटावर उभं राहून तपासा. जाहिरातीतल्या मेट्रोसाठी आज एक रुपयाही जास्त देऊ नका.

आता कागद. २०१७पासून महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण, आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरच्या आणि आठपेक्षा जास्त घरांच्या प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात करता येत नाही आणि बुकिंगही घेता येत नाही. १ ऑगस्ट २०२३पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही सक्तीचा आहे. मांडवातल्या फलकावर तो नसेल तर तिथे थांबूच नका. असेल तर स्कॅन करून प्रकल्पाचं पान उघडा आणि पूर्णत्वाची तारीख, ती किती वेळा वाढवली, विकलेल्या घरांची संख्या, जमिनीवरचा बोजा आणि मंजूर नकाशे हे सगळं बघा.

पण नोंदणी क्रमांक म्हणजे सगळं ठीक, असंही धरू नका. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारतींच्या प्रकरणात बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर २०२४मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचा आदेश दिला, आणि आत राहणाऱ्या कुटुंबांच्या डोक्यावर मात्र कर्जाचे हप्ते चालूच होते. यातून शिकायचं ते इतकंच की बांधकाम परवानगीचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्यायची आणि महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागात जाऊन ती खरोखर दिलेली आहे का ते विचारायचं. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, शुल्क दहा रुपये. उत्तराला तीस दिवस लागतात. तेवढं थांबायला जो तयार नाही, त्याच्या घाईचं कारण तुम्हीच शोधा. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि वकिलाचा मालकी हक्काचा शोध अहवाल हे तर लागतंच.

ज्या हिरवळीवर उन्हाळी शिबिर भरलंय ती हिरवळ कोणाची, हेही विचारा. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के खुली जागा सोडावी लागते. मंजूर नकाशात ती नेमकी कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. पुष्कळदा मुलं खेळत असतात ती जागा 'फेज टू'ची निघते आणि खरी खुली जागा मागच्या बाजूला पट्टीसारखी उरलेली असते. गावातलं मैदान असेल तर विकास आराखड्यात त्यावर क्रीडांगणाचं आरक्षण आहे की ती खाजगी जमीन आहे, ते नगररचना विभागातच कळेल.

पैशांच्या बाबतीत सर्वात जास्त फसगत ४५ लाखांच्या आसपास होते. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के. पण मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र आणि एकूण किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर १ टक्का. इथे 'एकूण' हा शब्द महत्त्वाचा. घर ४४,५०,००० रुपयांचं, जीएसटी ४४,५००, असं मांडवात सांगतात. नंतर बंदिस्त पार्किंगचे ३,००,००० जोडले की रक्कम ४७,५०,००० होते आणि कर ५ टक्क्यांनी २,३७,५००. पार्किंग, मजल्याचा जादा दर, क्लबहाउस, विकासशुल्क हे सगळं धरून एकच आकडा लेखी मागा. भोगवटा प्रमाणपत्र (राहायला यायची परवानगी) मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नाही, हे तुलना करताना धरा. 'स्टॅम्प ड्युटी आमच्याकडून' ही ऑफर असेल तर तेवढीच रक्कम दरात आधीच मिसळली आहे का, ते त्याच इमारतीतल्या आधीच्या नोंदणीकृत व्यवहारांवरून बघा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ते शोधता येतात.

टोकन द्यायचंच असेल तर चेकने द्या आणि वाटपपत्र, म्हणजे घर तुमच्या नावे ठेवल्याचं पत्र, घ्या. महारेराच्या नमुना वाटपपत्रात १५ दिवसांत रद्द केल्यास कपात नाही, त्यानंतर टप्प्याटप्प्याने वाढत घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त २ टक्के. 'टोकन परत मिळणार नाही' असं छापलेल्या पावतीवर सही करू नका. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे रेरा कायद्याचं कलम १३. माहितीपत्रकात आणि मांडवात जे सांगितलं त्याचे फोटो ठेवा. खोट्या जाहिरातीमुळे नुकसान झालं तर भरपाई मागायचा हक्क कलम १२ देतं, आणि तिथे पुरावा हाच.

शक्य असेल त्यांनी आधी त्याच भागात अकरा महिने भाड्याने राहावं असं मला मनापासून वाटतं. भाडेकरार नोंदवून घ्या, ती जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. शाळा बदलायच्या म्हणून मे महिन्यात घरं रिकामी होतात, निवड भरपूर असते. जूनमध्ये राहायला आलात की पुढच्या मेपर्यंत गळती, गाडी आणि पाणी, तिन्ही समजतात.

उत्सव भरवणाऱ्या मंडळांना आणि नगरसेवकांना एक विनंती. बांधकाम कंपनीचा पैसा घ्या, त्याशिवाय मांडव उभा राहत नाही हे कळतं. पण स्टॉल देताना चार कागद टेबलावर ठेवायची अट घाला: बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा, पाण्याच्या जोडणीचं पत्र, आणि सगळी शुल्कं धरून घराची एकूण किंमत. मांडवाच्या आत टोकन स्वीकारायचं नाही, हेही त्याच पत्रात लिहा.