देवळाला ऑइलपेंट फासण्याआधी एकदा दगडाला हात लावून बघा

आज सकाळी आईच्या माहेरच्या गावी गेले होते. महादेवाचं देऊळ लांबूनच दिसलं आणि पोटात गोळा आला. शिखरापासून जोत्यापर्यंत ऑइलपेंट. खांब गुलाबी, कडा सोनेरी, उंबऱ्यावरच्या कीर्तिमुखाचे, म्हणजे तिथे कोरलेल्या राक्षसी चेहऱ्याचे, दात पांढरेफेक. सभामंडपात चकचकीत फरशी, आणि गाभाऱ्यापुढची अर्धचंद्रशिला तिच्याखाली गाडलेली. "कसं नवंकोरं केलंय, बघा!" गावकरी म्हणाले. मी हात जोडले आणि बाहेर पायरीवर येऊन बसले. तिथूनच लिहितेय.

आज्जीची फार आठवण येतेय. तिला शेवटी शेवटी दिसत नव्हतं. मी नववीत असताना आम्ही तिला कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरला, कोपेश्वर महादेवाच्या जुन्या देवळात नेलं होतं. सगळे भराभर दर्शन घेऊन आले, ही मात्र स्वर्गमंडपातून हलेना. एका खांबावर तळवा ठेवून खालून वर नेत होती. "हितं चौकोनी हाय... आता आठ कोपरं लागलं... आता गोल झाला बघ." ४८ खांब आहेत तिथे. मधोमध छत गोल उघडं ठेवलंय आणि बरोब्बर त्याखाली गोल शिळा. तिला त्या शिळेवर उभं केलं तशी म्हणाली, "डोस्क्यावर ऊन कुठनं आलं गं?" मी काही न सांगता तिला कळलं, की वर आभाळ आहे.

हे कुणी घडवलं? शिलाहारांच्या काळातले कारागीर, मग यादवांच्या. सिंघण यादवाचा शिलालेख आहे तिथे. चुना न वापरता दगडात दगड बसवून उभी केलेली देवळं आपल्याकडे गावोगाव आहेत. सगळ्यांना सरसकट हेमाडपंती म्हणतो आपण, भले ती हेमाद्रीच्याही, म्हणजे यादवांचा प्रधान हेमाडपंत याच्याही, आधीची असोत. अंबरनाथचं देऊळ शके ९८२ मधलं, म्हणजे इ.स. १०६०! आणि आपण त्यांना काय देतो, तर डबाभर रंग?

हो, माहितीय, पूर्वीही देवळं रंगवायचे. वेरूळच्या कैलासावर गिलावा आणि रंगाच्या खुणा अजून आहेत. पण ते रंग ऑइलपेंट नव्हते. ऑइलपेंट दगडाची तोंडंच बंद करतो. आत मुरलेली ओल बाहेर पडू शकत नाही, मग पापुद्रे सुटतात आणि त्याबरोबर नक्षीही. वर लोक सिमेंट भरतात सांध्यांत! संताप होतो नुसता.

गावकऱ्यांनी पदरचे पैसे घातलेत, श्रद्धेनं केलंय, हेही खरं. छत गळत होतं. त्यांना कुणी येऊन सांगितलंच नाही, की हे असं करू नका. कोपेश्वर संरक्षित स्मारक आहे, तिथे निदान कायदा तरी आहे. गावातल्या महादेवाला कोण आहे? मघाशी जरा जास्तच चिडले, कबूल.

पण आज्जी डोळ्यांपुढून जात नाही. बाहेर जोत्यावरच्या हत्तींपाशी तिला नेलं होतं. एकेका हत्तीवरून हात फिरवत चालली होती. एका ठिकाणी थांबली. "ह्येची सोंड मोडलीया गं," म्हणाली, आणि तिथेच थोपटत राहिली, घरच्या बैलाला थोपटावं तशी. शिल्पांना असे हात लावू नयेत, हे मला आता कळतं. तरी तिला कुणी अडवलं नाही, याचं आजही बरं वाटतं.

आजच्या देवळात तिच्या हाताला काय लागलं असतं? सगळं एकसारखं गुळगुळीत.

आत्ता उठून मागच्या बाजूला जाऊन आले. उत्तरेला अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं ना, त्या गोमुखाखाली सतत ओलं असल्यानं रंग धरलेला नाही. वीतभर काळा दगड तेवढा उघडा आहे. डोळे मिटून तळवा ठेवला. छिन्नीच्या बारीक तिरप्या रेघा लागतात अजून हाताला.